देव्हाऱ्याजवळची जुनी फिरंग: बफिंग करून घ्यावी का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या वाड्यात देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात एक तलवार आहे. दसऱ्याला बाहेर निघते, हळदकुंकू, झेंडूची माळ, आरती, की परत कोनाड्यात. पातं सरळ, तीन फुटांच्या आसपास, मधून लांब नाळी. मूठ काळी पडलीय, हाताभोवती रुंद परज, वर गोल वाटी आणि वाटीतून निघालेला बोटभर लांब दांडा. वडिलांच्या मागं आता जबाबदारी माझ्याकडं आली. चुलतभाऊ म्हणतो, त्याच्या ओळखीचा एकजण बफिंग करून आरशासारखी करून देईल, वर निकेल चढवेल. धाकटा भाऊ न्यू जर्सीला, त्याला ती तिकडं हॉलमध्ये लावायचीय. आणि फोटो बघून एका खरेदीदारानं 'साठ हजार, आज रोख' असा निरोप धाडलाय. काय करू?

टूलरूमवाले नाना
आधी बफिंगवाल्याला नाही म्हणून कळवा, मग पुढचं वाचा.

मी जन्मभर भोसरीत ग्राइंडिंगवर काढला, त्यामुळं चाक काय करतं ते मला सांगू नका. नाळीच्या ज्या कडा लोहारानं सरळ, टोकदार ठेवल्यात त्या बफिंगला कळत नाहीत. त्या गोल होतात. पात्यावर बारीक ठसा असेल तर तो पुसट होतो. आणि एकदा गेलेलं लोखंड परत चिकटत नाही. निकेलबद्दल तर बोलतच नाही, लग्नाच्या वरातीत भाड्यानं देतात त्या तलवारींना शोभतं ते.

मूठ काळी म्हणताय ना? दिवसा खिडकीपाशी न्या आणि भिंग लावून बघा. लोखंडावर जाळीसारखे बारीक तिरपे ओरखडे दिसले तर तिथं कोफ्तगरी होती किंवा अजून आहे. कारागीर आधी पृष्ठभाग असा खरवडून घेतो, मग सोन्याची नाहीतर चांदीची केसाएवढी तार त्या ओरखड्यांत ठोकून बसवतो. ती नुसती अडकलेली असते, डाग देऊन जोडलेली नसते. चांदी काळवंडते आणि घरच्यांना वाटतं गंज चढला. चाकावर धरलीत की नक्षी धुरळ्याबरोबर उडाली म्हणून समजा.

तुमच्या वर्णनावरून ही फिरंग दिसते. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातली पाती गोव्यातून आणि कोकणातल्या बंदरांतून आत यायची आणि त्यांना इथली मूठ बसवली जायची. वाटीवरचा तो दांडा दुसरा हात धरायला, घाव दोन्ही हातांनी घालायचा असला की. राज्य सरकारनं 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून रघुजी भोसल्यांची तलवार घेतली, तिचंही पातं युरोपीय घडणीचं आणि त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं. ती साधारण 47 लाखांना पडली. तेव्हापासून कोनाड्यातल्या प्रत्येक तलवारीकडं लोक त्याच नजरेनं बघायला लागलेत! अहो, तिथं नाव कोरलेलं होतं. पैसे त्या नावाचे.

साफसफाई: कापसाच्या बोळ्यानं केरोसीन लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी मऊ फडक्यानं पुसा. लाल गंज पितळेच्या पट्टीच्या कडेनं हलकेच खरवडा, पितळ पोलादापेक्षा मऊ असल्यानं पात्याला चरा जात नाही. गडद तपकिरी थर घट्ट बसलाय, तो राहू द्या. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात. लिंबू, चिंच, हार्पिक यातलं काहीही नको. मूठ डुगडुगत असेल तरी गरम पाणी ओतू नका, आपल्याकडं पात्याचं शेपूट मुठीत लाखेनं किंवा राळेनं बसवतात, ती ऊब लागली की सुटते.

मावळा_९६
नाना, एवढं कशाला? पॉलिश पेपर मारायचा, चकाचक. आमच्या मंडळाची तशीच केलीय.

टूलरूमवाले नाना
मंडळाची तलवार गेल्या वर्षी बाजारातून आणलेली असेल, तिला खुशाल मारा.

कोर्टकचेरी
नाना लोखंडाचं बोलले, मी पोलिसांचं बोलतो. शस्त्र कायदा 1959 चा, नियम 2016 चे. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचं धारदार शस्त्र त्या नियमांतल्या शस्त्रांच्या यादीत येतं, घरकामाची आणि शेतीची अवजारं सोडून. पुरातन वस्तूंना सूट आहे असं सगळे छातीठोक सांगतात, पण कलम 45 मधली जुन्या शस्त्रांची ओळ वाचली तर ती बंदुकीच्या अनुषंगानं आहे. तेव्हा 'वडिलोपार्जित आहे हो' एवढ्यावर विसंबू नका. जुने फोटो, वाड्याची कागदपत्रं जोडून पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. मिरवणुकीत उपसून रील काढणं बंद. बहुतेक गुन्हे तिथूनच दाखल होतात.

धाकट्या बंधूंना स्पष्ट सांगा, न्यू जर्सीचा विषय संपला. 1972 च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांपुढची अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. शिक्षा किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं, वर दंड. आणि रोख देणाऱ्याला विचारा, पुरावशेषांच्या व्यापाराचा परवाना दाखवतोस का? बहुधा परत फोन येणार नाही.

कृष्णाकाठ
दोघांचे आभार. परवाना विचारल्यावर त्यानं खरंच फोन उचलणं सोडलं. धाकट्याची समजूत आई काढतेय. नाना, केरोसीननं पुसल्यावर नाळीत इंग्रजी अक्षरं दिसली: ए, एन, डी, आर... त्यातला एन उलटा आहे. म्हणजे नकली का? आणि आई विचारते, कुंकू लावायचंच नाही का?

टूलरूमवाले नाना
वा! ते बहुतेक आंद्रेया फेरारा. इटलीतल्या बेल्लुनोचा सोळाव्या शतकातला तलवार घडवणारा. नाव इतकं गाजलं की जर्मनीत झोलिंगनचे कारागीर त्याच्या पश्चात पिढ्यान् पिढ्या तेच पात्यावर घालत राहिले, आणि आपल्याकडच्या लोहारांनीही बघून बघून उतरवलं. ज्याला लिपी येत नाही त्याच्या हातून एन उलटा पडणारच. पण युरोपातल्या पात्यांवरही अक्षरं चुकलेली असतात, त्यामुळं एवढ्यावरून निकाल लावू नका. इथल्या लोहाराचं निघालं तरी मला ते तितकंच आवडेल, खरं सांगायचं तर जास्तच. सवड काढून कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधली शस्त्रं बघून या, नजर तयार होते.

आईंना सांगा, कुंकू म्यानाला लावा. पात्याला लावायचंच असेल तर आधी तेलाचा हात आणि आरती झाल्यावर त्याच संध्याकाळी पुसायचं. कुंकवाची भुकटी ओल धरते आणि खाली लोखंड खातं. वर्षभर पातं म्यानात ठेवू नका, जुनं लाकूड आणि चामडं दमट असतं. सुती कापडात वेगळं ठेवा. अक्षरांना फक्त मऊ टूथब्रश आणि केरोसीन. फोटो पाठवाल तेव्हा खोली अंधारी करून टॉर्च पात्याला आडवा धरा, म्हणजे पुढची अक्षरंही वाचता येतील.