हायब्रिड गाडीची हवा आणि घाटातली वळणे

प्रश्न (चाळीसगाव): मायलेजसाठी टायरमधली हवा 5 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) जास्त ठेवल्यापासून कन्नड घाटात वळणावर माझी हायब्रिड (पेट्रोल व बॅटरी दोन्हींवर चालणारी) गाडी बाहेर सरकू पाहते. या दोहोंचा संबंध असेल का?

उत्तर (जळगाव): शक्यता दाट आहे. जादा हवेमुळे टायर कमी दबतो व पेट्रोल वाचते हे खरे, परंतु रस्त्याला टेकणारा भाग घटतो आणि बॅटरीचे वजन सोबत असल्याने पकड लवकर सुटते. दाराच्या खांबावरील स्टिकरचा आकडा पाळावा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो.

उत्तर (धुळे): सहमत, मात्र हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासावी. तापमानाच्या दर 5 ते 6 अंश सेल्सिअसमागे दाब साधारण 1 पीएसआय वाढतो, त्यामुळे आपल्याकडच्या मे महिन्यात भरदुपारी वाढलेला आकडा पाहून पंपावर हवा सोडू नये.