पहिल्या मजल्याचा स्लॅब गुरुवारी भरायचाय, त्याआधी काय काय तपासू?

डोंगराखालचं_घर

नमस्कार मंडळी. पाटण तालुक्यात गावात घर बांधतोय, कॉलम-बीमचं. स्लॅब साधारण ६०० चौरस फूट, जाडी ५ इंच, ८ मिमी सळई ६ इंचांवर. बीम ९ बाय १५, सगळ्यात मोठी खोली १३ फुटांची. पुढे ४ फूट बाल्कनी आहे. सिमेंट पीपीसी (राख मिसळलेलं), वाळू क्रशची (दगड फोडून केलेली), माल म्हणजे काँक्रीट मिक्सरनं साइटवरच करणार, ताकदीचा ग्रेड एम २०. काम मजुरीवर दिलंय, सामान माझं. इंजिनिअर बुधवारी संध्याकाळी एकदा येऊन बघणार आहेत, पण तेव्हा चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ उरणार नाही. म्हणून आतापासून मी स्वतः काय बघू? माल किती मागवू? आणि उन्हाळा कडक आहे, पाणी कधीपासून मारायचं?

पट्टी_आणि_ओळंबा

इंजिनिअरना बुधवारी संध्याकाळऐवजी सकाळी बोलवा. सेंटरिंगवर (प्लेटा आणि टेकूंच्या साच्यावर) लोखंड बांधून झाल्यावर दुरुस्तीला निदान एक दिवस हातात हवा. तोवर टेप घेऊन तुम्ही स्वतः वर चढा.

पहिलं बघायचं ते बाल्कनीचं लोखंड. खोलीच्या स्लॅबला ताण खालून येतो म्हणून मुख्य सळई खाली. बाल्कनीला ताण वरून येतो, तिची मुख्य सळई वर असते. ती खाली गेली तर टेकू काढताना बाल्कनी बीमच्या कडेला मोडून खाली येते. सळई वर बांधली एवढ्यानं भागत नाही, ती माल पडेपर्यंत वर राहायला हवी. ५ इंच स्लॅबमध्ये वरची सळई खालच्या पृष्ठभागापासून सुमारे ४ इंचांवर असते. घमेली घेऊन चालणाऱ्या माणसांनी ती तुडवून दीड इंच दाबली की अडीच इंच उरतात. म्हणजे बाल्कनीची ताकद जवळजवळ साठ टक्क्यांवर आली, आणि वरून कुणालाच काही दिसत नाही. म्हणून १० मिमीच्या तुकड्यांच्या खुर्च्या करून घ्या. खालच्या जाळीवर उभी राहणारी, साधारण अडीच इंच उंच, दर अडीच-तीन फुटांवर एक, आणि बाल्कनीच्या बीमवर तर दोन फुटांवर. चालायला फळ्या टाका, त्याही सळईवर नाही, विटांवर टेकवून. बाल्कनीची सळई आत स्लॅबमध्ये ६ फूट तरी गेलेली असावी. बाहेर जितकी, त्याच्या दीडपट आत, असा हिशोब धरतात. ड्रॉइंगमध्ये जास्त असेल तर ड्रॉइंगप्रमाणे.

दुसरं, कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरचा मालाचा थर. स्लॅबखाली २० मिमी, बीमला २५, कॉलमला ४०. ड्रॉइंगमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. सळईखाली खडीचा दगड सरकवून "झालं कव्हर" म्हणतात. तो दगड व्हायब्रेटर लागला की आडवा होतो, सळई प्लेटला टेकते आणि चार-पाच पावसाळ्यांत छताच्या गिलाव्यावर गंजाच्या रेघा उमटतात. सिमेंटचे कव्हर ब्लॉक तयार मिळतात. ८ मिमीची सळई लवते, म्हणून दर अडीच फुटांवर एक धरा. तुमच्या स्लॅबला शंभरेक लागतील, बीमचे वेगळे.

तिसरं, खोलीत आखूड बाजूची सळई सगळ्यात खाली आणि लांब बाजूची तिच्यावर. उलट बांधलेलं सर्रास सापडतं. अंतर डोळ्यानं ठरवू नका. १० फूट मापा आणि सळ्या मोजा, ६ इंचांवर असतील तर २१ भरल्या पाहिजेत.

चौथं, रिंगा, म्हणजे बीम-कॉलमच्या लांब सळ्यांना वेढणारी कडी. तुम्ही कोयनेच्या पट्ट्यात आहात, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तुमच्या तालुक्याला सांगायला नको. रिंगेची दोन्ही टोकं ९० अंशांत नुसती दुमडलेली नकोत, १३५ अंशांत आत, मालाच्या गाभ्याकडे वळलेली हवीत. ९० अंशांची टोकं हादऱ्यात कव्हर सुटलं की उघडतात आणि उभ्या सळ्या बाहेर फुगतात. कॉलमजवळ बीमच्या अडीच फुटांत रिंगा ४ इंचांपेक्षा लांब नकोत, ड्रॉइंगमध्ये अंतर कमी असेल तर तेच. आणि बीम-कॉलम जिथे मिळतात त्या जोडाच्या आत कॉलमच्या रिंगा आहेत का ते वाकून बघा. तिथे घालायला अवघड जातं म्हणून फिटर सोडून देतात.

एका_गोणीचा_फर्मा

लोखंडाचं वर आलंय, मी मालाचं सांगतो.

६०० चौरस फूट बाय ५ इंच म्हणजे जवळजवळ ७ घनमीटर. बीमचा स्लॅबखालचा भाग धरून एकूण ९ च्या आसपास जाईल (बीमची एकूण लांबी ११५ फूट धरलीय, तुमची मोजून बघा). एम २० ला १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) नं घनमीटरला साधारण ८ गोण्या. म्हणजे ७२ गोण्या, क्रश वाळू १.३३ ब्रास, खडी २.६७ ब्रास (ब्रास म्हणजे १०० घनफूट). साइटवर ८० गोण्या, दीड ब्रास वाळू, तीन ब्रास खडी असू द्या. स्लॅब अर्धा असताना सिमेंट संपलं तर गावात रविवार असो की गुरुवार, वेळेवर मिळत नाही. खडी सगळी पाऊण इंची नको, तिसरा हिस्सा अर्धा इंची घ्या, बीममध्ये सळ्यांमधून माल नीट उतरतो. क्रश वाळू घेताना ती वाळूच आहे की क्रशरची भुकटी ते मुठीत चोळून बघा. हाताला पिठासारखी चिकटत असेल तर परत पाठवा.

घमेल्यानं मापू नका. घमेलं कधी शिगोशीग, कधी सपाट. आतून ३५ बाय २५ सेंमी आणि ४० सेंमी उंच असा लाकडी किंवा पत्र्याचा फर्मा करून घ्या, तो बरोबर ३५ लिटर, म्हणजे एका गोणीचं माप. एका गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी.

वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते आणि फर्म्यात कमी बसते. सरळ काचेच्या ग्लासात १५ सेंमी ओली वाळू भरा, वर पाणी ओतून काडीनं ढवळा, बसू द्या. १२ सेंमीवर बसली तर फुगवटा २५ टक्के, तेवढी वाळू वाढवून घ्या, म्हणजे दीड फर्म्याऐवजी पावणेदोन आणि वर थोडी. दोन मिनिटांचं काम आहे.

आता पाणी, आणि स्लॅबचं मरण इथेच असतं. गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर, त्यात वाळूतलं पाणीही आलं. मिक्सरवर पाइप सोडून अंदाजानं पाणी घालू देऊ नका. १० लिटरची बादली, कडेला खूण, पहिल्या मिश्रणाला अडीच बादल्या घालून बघा आणि मग लागेल तसं थोडं वाढवा. मजूर पातळ माल मागतात कारण तो फावड्यानं लवकर पसरतो. पण जास्तीचं पाणी नंतर उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक भोकं राहतात, त्यातूनच ताकद जाते आणि गळती होते. पातळ हवाच असेल तर चांगल्या कंपनीचं प्लास्टिसायझर डब्यावर लिहिलेल्या मापानं पाण्यात मिसळा, पाणी वाढवू नका. मिक्सर प्रत्येक वेळी पूर्ण दोन मिनिटं फिरला पाहिजे. ७२ मिश्रणं, प्रत्येकाला पाच मिनिटं धरली तर सहा तास. सकाळी सहाला सुरू केलंत तर उन्हाच्या आत आटपेल.

ताकद तपासायला मालाचे क्यूब (ठोकळे) भरून ठेवा. ६ ते १५ घनमीटरला दोन नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे सहा. वेगवेगळ्या मिश्रणांतून, सुरुवातीला एकदा आणि शेवटाकडे एकदा. कराडला तपासून मिळतील.

टेकूवाला

सेंटरिंगबद्दल थोडक्यात. ९ घनमीटर ओला माल म्हणजे साडेबावीस टन, वर माणसं वेगळी. जमिनीवर उभ्या टेकूखाली नुसती वीट नको, जाड फळी पाहिजे. पाणी मारल्यावर माती बसते आणि टेकू खाली जातो. प्लेटांच्या फटी टेपनं बंद करा, नाहीतर सिमेंटची रबडी गळते आणि तिथे नुसती खडी दिसते. भरताना खाली एक जाणता माणूस हातोडा नि पाचरी घेऊन सतत फिरता ठेवा. जळकं ऑइल प्लेटांना लावू देऊ नका, गिलावा धरत नाही. आणि तेल लोखंड बांधायच्या आधी, नंतर नाही.

लाइटचे पाइप खालच्या जाळीच्या वर, मुख्य सळईखाली कधीच नाही. चार पाइप एका दोरीत बांधून नेलेले दिसले की सोडवून लांब लांब करा, नेमकी तिथेच स्लॅबला चीर पडते. बाथरूमच्या पाण्याच्या जागी स्लीव्ह (पाइप जायला नळीचा तुकडा) आत्ताच ठेवा. नंतर बीम फोडून पाइप घालणारा प्लंबर सगळीकडे भेटतो.

स्लॅब झाला की वर कोरं सिमेंट भुरभुरवून घोटून घ्या, चांगला गुळगुळीत होतो.

एका_गोणीचा_फर्मा

टेकूवाला दादा, बाकी सगळं पटलं, शेवटचं नको. वर पाणी आलंय म्हणून कोरं सिमेंट टाकलं की त्याची वेगळी पापडी बनते, वर्षभरात सोलून निघते. पाणी वर आलं तर थांबायचं, ते उडू द्यायचं, मग पाट्यानं घोटायचं. मुळात पाणी वर येतंय म्हणजे माल पातळ झालाय, मिक्सरवाल्याकडे बघा.

टेकूवाला

बरोबर. सवयीनं लिहिलं.

डोंगराखालचं_घर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी बघून आलो. बाल्कनीची सळई वर आहे, पण आत साडेतीन फूटच गेलीय. जोडाच्या आत रिंगा नाहीतच, फिटर म्हणतो बीमचा पिंजरा (बांधलेलं लोखंड) साच्यात उतरलाय, आता घालता येत नाहीत. आणि सळईला सळई जोडताना तो एकीवर दुसरी सळईच्या जाडीच्या ४० पट लांब धरतो, चालेल का? पाणी आणि सेंटरिंग काढायचं राहिलं.

पट्टी_आणि_ओळंबा

बाल्कनीच्या सळईला आतून तेवढ्याच जाडीची सळई जोडून घ्या. पण जोड बीमच्या तोंडाशी नको, तिथेच सगळ्यात जास्त ताण असतो. म्हणून शक्यतो ती सळई काढून अखंड १० फुटांची घाला आणि शिवाय टोकांना वळवायला लागेल तेवढी धरा. त्या काही सळ्यांच्या खर्चाकडे बघू नका.

४० पट कमी पडतं. फे ५०० ग्रेडची सळई आणि एम २० मालाला ५७ पट येतं. फिटरला पटीत सांगू नका, इंचात सांगा: ८ मिमीला १८ इंच, १० ला साडेबावीस, १२ ला २७. बीमच्या खालच्या सळ्यांचे जोड मधोमध नकोत, वरच्यांचे कॉलमजवळ नकोत, आणि सगळे एकाच रेषेत तर मुळीच नकोत.

रिंगा घालता येतात. बीमचा पिंजरा उचलून प्लेटांवर विटा ठेवून टेकवायचा, कॉलमच्या उभ्या सळ्यांवरून तीन-चार रिंगा सोडायच्या, पिंजरा खाली घेता घेता त्या जागेवर ओढून बांधायच्या. एका जोडाला अर्धा तास. कॉलमच्या सळ्या वर फार लांब असतील आणि पिंजरा उचलणं जमतच नसेल, तर समोरासमोरच्या दोन यू आकाराच्या रिंगांचा पर्याय इंजिनिअरना विचारून ठरवा. पण रिंगांशिवाय माल टाकायला परवानगी देऊ नका, गुरुवार हुकला तरी चालेल.

व्हायब्रेटर दोन ठेवा, एक बंद पडतोच. सुई उभी घालायची, पाच ते पंधरा सेकंद, बुडबुडे थांबले की हळू बाहेर. तिनं माल ओढायचा नाही. मिक्सर बंद पडून काम अर्धवट राहिलंच तर स्लॅब खोलीच्या मधल्या भागात उभी पट्टी लावून थांबवा, कॉलमजवळ किंवा बाल्कनीच्या बीमवर नाही. मालाला उतार सोडून थांबायचं नाही.

एका_गोणीचा_फर्मा

पाणी: एवढ्या उन्हात नि वाऱ्यात घोटून झाल्या झाल्या प्लास्टिक कागद किंवा ओलं गोणपाट अंथरा, बोटाचा ठसा उमटत नाही एवढा घट्ट झाला की लगेच. पहिल्या तीन-चार तासांतल्या चिरा उन्हानंच पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच-पाच फुटांची आळी करा, दोन इंच उंच, त्यात पाणी भरून ठेवा. पीपीसीला किमान १० दिवस, तुम्ही १४ धरा. बाजूंना आणि बीमला गोणपाट, रात्रीही ओलं.

टेकू: आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) मध्ये साध्या सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे ७ दिवस आणि ६ मीटरपर्यंतच्या बीमचे १४ दिवस दिलेत. पीपीसीला ताकद सावकाश येते. म्हणून स्लॅबचे १४ दिवसांनी आणि बीमचे नि बाल्कनीचे २१ दिवसांनी काढा. खोलीत मधल्यापासून भिंतीकडे, बाल्कनीत मात्र बाहेरच्या टोकापासून बीमकडे.

आणि वरच्या मजल्याची खडी स्लॅबवर चढवायची घाई नको. १० बाय १० च्या खोलीत फूटभर थर म्हणजे एक ब्रास, सव्वाचार टन. चौरस मीटरला ४५० किलो झालं, आणि घराचा स्लॅब चालण्या-वावरण्याच्या २०० किलोसाठी धरलेला असतो. विटाही एका जागी रचू नका, भिंत जिथे येणार त्या बीमवर ओळीनं ठेवा.

डोंगराखालचं_घर

फिटरला उद्या सकाळी बोलावलंय, जोडातल्या रिंगा आणि बाल्कनीच्या अखंड सळ्या बदलून घेतो. इंजिनिअर बुधवारी सकाळी नऊला येतायत. स्लॅब शनिवारवर ढकलला.