सर क्रीकची सीमा कोणत्या प्रकारात मोडते?

प्रश्न : भूगोल_अभ्यासक

राजकीय भूगोलाच्या तयारीत रिचर्ड हार्टशोर्न यांनी १९३६ मध्ये मांडलेले सीमांचे वर्गीकरण वाचले. दाट वस्ती होण्याआधी आखलेली सीमा पूर्ववर्ती, वस्तीतले व संस्कृतीतले भेद लक्षात घेऊन आखलेली अनुवर्ती, ते भेद डावलून वरून लादलेली अध्यारोपित, आणि प्रयोजन संपल्यावरही जिच्या खुणा उरतात ती अवशिष्ट. बहुतेक उदाहरणे यात बसतात. परंतु कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर क्रीकपाशी मी अडकलो आहे. ही सीमा १९४७ ची फाळणीरेषा ठरवणाऱ्या रॅडक्लिफ यांनी आखली म्हणून अध्यारोपित म्हणावी, की खाडी असल्यामुळे नैसर्गिक? आणि जलप्रवाहाच्या मधून सीमा न्यावी असा आंतरराष्ट्रीय संकेत असताना मुळात वाद कशाचा आहे?

उत्तर १ : खारफुटी

प्रथम रॅडक्लिफ यांना या प्रकरणातून वगळावे. त्यांच्या आयोगांनी पंजाब आणि बंगाल विभागले, शिवाय सिल्हेटचा प्रश्न हाताळला. सिंध संपूर्णपणे पाकिस्तानात गेला आणि कच्छ संस्थान भारतात विलीन झाले, त्यामुळे या दोहोंमधली जी जुनी प्रशासकीय हद्द होती तीच १९४७ मध्ये आपोआप आंतरराष्ट्रीय सीमा झाली. वसाहती गेल्या तरी त्यांच्या अंतर्गत हद्दी नव्या राष्ट्रांच्या सीमा म्हणून कायम राहतात, हे तत्त्व आफ्रिकी देशांच्या संघटनेने १९६४ मध्ये केलेल्या कैरो ठरावाने औपचारिकपणे स्वीकारले गेले. आपल्याकडे ते कोणी ठराव न करताच घडले.

वादाचे मूळ मुंबईत आहे, हे मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाडीकाठच्या लाकूडफाट्यावरून कच्छचे राव आणि सिंधचे प्रशासन यांच्यात तंटा झाला. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता, म्हणून मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव करून तो मिटवला. निदान तशी त्यांची समजूत होती. ठरावासोबतच्या नकाशात खाडीच्या पूर्व काठाने हिरवी रेषा आहे, तर मजकुरात नौकानयनयोग्य खाडीची सीमा प्रवाहाच्या मध्यातून जाते असा विचारही आहे. पाकिस्तान हिरव्या रेषेवर बोट ठेवून संपूर्ण खाडीवर हक्क सांगतो. भारत मध्यप्रवाहाचे तत्त्व, १९२५ चा नकाशा आणि त्या काळात उभारलेले खांब पुढे करतो.

सर्वांत खोल प्रवाहरेषेला सीमा मानण्याचे जे थालवेग तत्त्व आहे, ते केवळ नौकानयनयोग्य प्रवाहाला लागू होते आणि ही खाडी तशी नाही, असे पाकिस्तानचे म्हणणे आहे. भरतीच्या वेळी तिच्यातून मासेमारी होड्या जातात, असे भारताचे उत्तर आहे. माझ्या मते या चर्चेला अवास्तव महत्त्व दिले जाते. प्रवाह नौकानयनयोग्य नसला तरी सीमा थेट समोरच्या काठावर जाऊन बसत नाही; अशा वेळी सामान्यतः मध्यरेषाच घेतात. पूर्व काठाचा दावा खरोखर टिकतो तो १९१४ च्या नकाशाच्या आधारे, कारण करारात स्पष्ट लिहिले असेल तर सीमा काठावरही असू शकते. इराण आणि इराक यांच्यामधल्या शत्त अल-अरब नदीची सीमा १९३७ च्या करारानुसार बव्हंशी इराणच्या काठाने जात होती, ती १९७५ च्या अल्जीयर्स करारात मध्यप्रवाहात आली, १९८० मध्ये इराकने तो करार झुगारला आणि युद्ध पेटले.

सुमारे ९६ किलोमीटरच्या या दलदलीसाठी एवढी चिकाटी का, याचे उत्तर खाडीत नाही, तिच्या मुखाशी आहे. किनाऱ्यावरची सीमा जिथे संपते, तिथूनच समुद्रातली विभाजनरेषा सुरू होते. तो बिंदू थोडा जरी सरकला तरी २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्राची वाटणी बदलते, म्हणजे मासळीचे आणि समुद्रतळाखालील संभाव्य तेल-वायूचे हक्कही बदलतात. २००७ मध्ये दोन्ही देशांनी संयुक्त पाहणी केली, पण कोणता कागद प्रमाण मानायचा हे मोजणीने ठरत नाही.

उत्तर २ : कायदा_आणि_कागद

वरील विवेचनाला एक जोड देतो. १९६५ च्या संघर्षानंतर कच्छच्या रणाचा वाद त्रिसदस्य न्यायाधिकरणाकडे गेला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये बहुमताने निवाडा झाला. पाकिस्तानने २४व्या अक्षवृत्तापर्यंत हक्क सांगितला होता, त्यातला सुमारे एक-दशांश प्रदेश त्याला मिळाला. सर क्रीक दोन्ही पक्षांच्या संमतीने त्या सुनावणीबाहेर राहिली, त्यामुळे त्या निवाड्याने खाडीतली सीमा ठरवली नाही.

निवाडा अमलात आणायला घटनादुरुस्ती हवी, असा आक्षेप तेव्हा सर्वोच्च न्यायालयात घेतला गेला, कारण पश्चिम बंगालमधील बेरुबारीचा काही भाग पाकिस्तानला देण्याच्या प्रकरणात १९६० मध्ये न्यायालयाने प्रदेश सोडण्यासाठी ती आवश्यक मानली होती. मगनभाई पटेल खटल्यात १९६९ मध्ये न्यायालयाने भेद केला : आपला प्रदेश दुसऱ्याला देणे वेगळे आणि मुळात सीमा कुठे होती हा वाद मिटवणे वेगळे, असा वाद मिटवण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. बांगलादेशाबरोबर छिटमहलांची (एका देशाच्या, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेल्या भूभागांची) अदलाबदल करताना मात्र २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली.

उत्तर ३ : डहाणूकर

या प्रश्नाला आमच्या पालघर जिल्ह्याशी थेट संबंध आहे. डहाणू-तलासरीकडचे अनेक आदिवासी तरुण हंगामात गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि समुद्रात रेषाच ठरलेली नसल्याने पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारी आणि १ जुलै रोजी कैद्यांच्या व मच्छीमारांच्या याद्या एकमेकांना देतात. घरची माणसे त्या तारखांकडे डोळे लावून बसलेली असतात.

भूगोल_अभ्यासक

सर्वांचे आभार. मग परीक्षेच्या उत्तरात तिला अनुवर्ती लिहावे का?

खारफुटी

तसे लिहू नये. हार्टशोर्न यांचे वर्गीकरण सीमा आणि वस्ती यांचे नाते तपासते, आणि या खाजणात वस्तीच जवळपास नाही. त्यापेक्षा स्टीफन जोन्स यांनी १९४५ मध्ये सांगितलेले टप्पे वापरावेत : प्रदेशाचे वाटप, कागदावर सीमानिश्चिती, जमिनीवर सीमांकन आणि नंतर तिची व्यवस्था. सर क्रीकचे वाटप झाले आहे, पण तिची सीमानिश्चिती दुहेरी अर्थाची निघाली आणि म्हणून दोघांना मान्य असे सीमांकन झालेच नाही, असे लिहिल्यास उत्तर नेमके होईल.