काळी स्क्रीन: आधी मॉनिटर बघा

दादा, सेलूच्या दुकानातला पीसी पुण्यातून एनीडेस्कवर (लांबून पीसी चालवायचं सॉफ्टवेअर) जोडला की नुसती काळी स्क्रीन येते, बाण तेवढा हलतो, असं तुम्ही म्हणता. वर सगळ्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायला सांगितलंय. थांबा जरा. रात्री दुकान लावताना मॉनिटर बंद करता का?

आमची लातूरला मोंढ्यात अडत आहे. काका जाताना मॉनिटरचं बटण दाबून जायचे, तेवढंच बिल वाचतं म्हणून. दिवसा सगळं झकास, रात्री अंधार! मॉनिटर जोडलेला दिसला नाही की काही ग्राफिक्स कार्डं चित्रच तयार करत नाहीत. मग एनीडेस्क दाखवणार काय? एचडीएमआयचा डमी प्लग मागे खोचला, अंगठ्याएवढा असतो, आणि पीसीला मॉनिटर आहे असंच वाटायला लागलं. काकांचं बटण दाबणं चालूच आहे.

आपल्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी पीसीची मूळ सेटिंग) वीज परतल्यावर पीसी आपोआप सुरू होईल असं करून ठेवा. विंडोजमध्ये स्लीप 'नेव्हर'वर, म्हणजे पीसी झोपणार नाही.

विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप वापरायचं असेल तर दुकानातल्या पीसीवर विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीवर बाहेरून शिरता येत नाही. राऊटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे रिमोट डेस्कटॉपचं दार, उघडायचा वरचा सल्ला मात्र ऐकू नका. दुकानात सिमवरचं नेट असेल तर त्याला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, नसतो, त्यामुळे उपयोग शून्य. आणि असलाच तर पासवर्ड ओळखायला टपलेले बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) दिवसरात्र दार वाजवतात.

आज रात्री मॉनिटर चालू ठेवून बघा अन् कळवा.