मदत हवी आहे : डीआयसीमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन का देत नाहीत?

मंडळी, ठाण्यात आयसीयूबाहेर बसून लिहितोय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

वहिनी, वय ५२. लघवीच्या इन्फेक्शनकडे आठवडाभर आम्हीच दुर्लक्ष केलं, ते रक्तात पसरलं. आता डॉक्टर डीआयसी म्हणतात, म्हणजे अंगभर रक्ताच्या गुठळ्या आणि त्याच वेळी रक्तस्रावही. बोटांची टोकं निळी पडलीत आणि त्याच वेळी हिरड्यांतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त झिरपतंय. प्लेटलेट ३८ हजार, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन) ९०, दोन्ही खूप कमी.

गेल्या वर्षी कळव्याच्या काकांना पॅरालिसिसचा झटका आला, तेव्हा साडेचार तासांच्या आत पोचलो म्हणून अल्टेप्लेज, म्हणजे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मिळालं. काका आज तलावपाळीला फेऱ्या मारतात. तेच वहिनीला का नको, विचारलं तर "यांना नाही चालत" एवढंच. उलट प्लाझ्मा, क्रायो (फायब्रिनोजेन असलेला रक्ताचा घटक), प्लेटलेट चढवतायत. गुठळ्या होतायत आणि आपण गुठळीचंच सामान भरतोय? दादा मला विचारतोय, मी काय सांगू?

प्रतिसाद १ (नेरुळ, निवृत्त पॅथॉलॉजिस्ट) :
काकांची गुठळी एक होती, मेंदूच्या एका वाहिनीत. वहिनींच्या गुठळ्या अंगभर, केसाएवढ्या वाहिन्यांत, आणि त्या बनवण्यातच प्लेटलेट नि फायब्रिनोजेन संपलं. म्हणून निळं बोट आणि वाहती हिरडी एकाच वेळी. अल्टेप्लेज शरीरातलं प्लास्मिन जागं करतं. ते फायब्रिन (गुठळीचं जाळं) दिसेल तिथे विरघळवतं, उरलंसुरलं फायब्रिनोजेनही खातं. अशात मेंदूत रक्तस्राव झाला तर थांबवायला काही उरत नाही. अहो, काकांच्या प्लेटलेट लाखाच्या खाली असत्या तर त्यांनाही दिलं नसतं!

हेपॅरिनचं नाव निघेल, ते वेगळं. ते गुठळी विरघळवत नाही, वाढू देत नाही. गुठळ्यांचा जोर असलेल्या काहींना देतात. रक्त वाहत असताना सहसा नाही. चढवताहेत ते सामान रक्त थांबावं म्हणून. खरा इलाज अँटिबायोटिक आणि इन्फेक्शनचं मूळ काढणं. मूत्रनलिकेत खडा अडकून लघवी तुंबली नाही ना, सोनोग्राफी झाली का, एवढं आज विचाराच.

धागाकर्ता :
विचारलं. खडा निघाला डावीकडे, रात्रीच नळी टाकून पू काढला म्हणे, आम्हाला सही घेताना नीट कळलंच नव्हतं. सकाळी फायब्रिनोजेन १४०. हिरड्या थांबल्यात. बोटं अजून तशीच आहेत.