केंद्रक ही नुसती पिशवी नाही
"पेशीचं केंद्रक म्हणजे डीएनए कोंबलेली पिशवी, खरं काम प्रथिनांचं" असं म्हटलं जातं, ते मला अपुरं वाटतं. तांबड्या पेशी घडतानाचं बीटा-ग्लोबिन जनुक (हिमोग्लोबिनचा एक भाग बनवणारं) बघा. त्याचा मुख्य नियंत्रक भाग डीएनएवर सुमारे ५० हजार बेस-जोड्या (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या) दूर असतो. मधला धागा वळून फास पडतो, तो भाग जनुकाला येऊन भिडतो आणि मग जनुक जोरात चालतं. २०१२ मध्ये तर संशोधकांनी एलडीबी-१ हे फास जुळवणारं प्रथिन मुद्दाम जनुकापाशी आणून हा फास घडवला. गाटा-१ (हे जनुक चालू करणारं प्रथिन) नसलेल्या, एरवी जनुक गप्प असलेल्या उंदराच्या पेशींत ते जनुक बरंचसं चालू झालं! म्हणजे फास हा जनुक चालू झाल्याचा निव्वळ परिणाम नाही. केंद्रकातली जागाही महत्त्वाची, पण इथे निष्कर्ष जपून काढावा: पेशी पक्व होताना हे जनुक केंद्रकाच्या कडेकडून आत सरकतं, तरी लेखन (जनुकाची आरएनए प्रत बनणं) कडेलाच सुरू झालेलं असतं.