बीएस्सी अ‍ॅग्रीनंतर एलएलबी

परभणीला बीएस्सी अ‍ॅग्री (शेतीची पदवी) करून आता एलएलबी (वकिलीची पदवी) करावी का, असं एकानं विचारलं, तर तसं केलं की आधीची चार वर्षं पाण्यात, असं एकांनी लिहिलंय. मला अजिबात पटत नाही. आपल्या मराठवाड्यातल्या तालुका कोर्टात बांध, वाटणी, वहिवाटीचे दावे ढिगानं. सातबारा, फेरफार, पीकपाहणी असे जमिनीचे कागद कळणारा वकील तिथं उजवाच ठरतो. त्यात मराठवाड्याचा कूळ कायदाही (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या हक्कांचा) निराळा: पश्चिम महाराष्ट्रात १९४८ चा मुंबईचा, इथं १९५० चा हैदराबादचा. पुण्याहून शिकून आलेले सुरुवातीला या फरकातच गडबडतात.

प्रवेशाचं फार अवघड नाही. तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यायची, खुल्या गटाला पदवीत ४५ टक्के लागतात. लातूर, नांदेड, संभाजीनगरला कॉलेजं आहेत. पण भाऊ, 'फक्त परीक्षेला या' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. वकिलीचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचा ७० टक्के हजेरीचा नियम आहे, आणि पत्राद्वारे केलेली एलएलबी सनदेला (वकिलीच्या परवान्याला) चालत नाही.

न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर मे २०२५ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातलीय, तेही धरून चाला. वकिलीच्या सुरुवातीला सीनियर वकिलाकडं पेट्रोलपुरतेच पैसे सुटतात, तेव्हा घरची शेती सोडू नका.